पिकअप पुढून उचलली, पण पुन्हा बसते आणि ठकठक सुरू होते : नेमकं काय तपासायचं

तक्रार एकच असते, गाडीचा रंग तेवढा वेगळा. रिकामी पिकअप पुढून खाली दिसते म्हणून स्पेसर (उंची वाढवणाऱ्या जाड चकत्या) टाकले, दोन इंच उचलली, फोटोबिटो काढले. पावसाळा सरेपर्यंत गाडी पुन्हा नाक खाली घालून उभी. वरून स्पीडब्रेकर उतरताना पुढच्या चाकातून 'ठक्क'. मिस्त्री लिंक (वळणावर गाडीचं झुकणं आवरणाऱ्या स्टॅबिलायझर बारची छोटी दांडी) बदलतो, आवाज थोडे दिवस जातो. मग बुश (आर्मच्या सांध्यातला रबर) बदलतो, पुन्हा थोडे दिवस शांतता. मग एक दिवस तो कपाळावरचा घाम पुसत म्हणतो, "भाऊ, बुश तं नवाच आहे, मग आवाज काऊन येऊन राहिला?" आणि शेवटी नव्या शॉकअपचं बिल हातात पडतं.

नागपुरात असं होणाऱ्या बहुतेक गाड्यांत पार्ट खराब नसतो. पार्ट बसवण्याची पद्धत चुकलेली असते, नाहीतर उचलण्याआधी कोणी काही मोजलेलंच नसतं. म्हणून अजून एक पार्ट बदलायच्या आधी हे वाचा.

पुढचं सगळं मुख्यतः ज्या पिकअपला पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग असते आणि मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) असतात त्यांच्याबद्दल आहे. म्हणजे इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स वगैरे. पुढेही पाटेच असलेल्या मालवाहू पिकअपबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गाडी पुढून खाली असते हा बिघाड नाही. मागचे पाटे माल धरून बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की मागची बाजू उंच दिसणारच. माल भरला की मागून बसते आणि गाडी सपाट होते. तेव्हा लेव्हल करण्याआधी हौद्यात रोज काय असणार ते ठरवा. शहरात रिकामी फिरणारी, सुट्टीत पेंचकडे जाणारी गाडी असेल तर दोन इंच चालून जातात. पण काटोल-नरखेडच्या बागेतून कळमन्याच्या बाजारात संत्री आणणारी गाडी असेल तर हिशेब बदलतो. वीस किलोचं एक असे पंचवीस कॅरेट म्हटले तरी पाचशे किलो झाले, आणि ते वजन बहुतेक मागच्या एक्सलवरच येतं. रिकामी असताना सपाट केलेली गाडी भरली की नाक वर करते. स्टिअरिंग हलकं पडतं, ब्रेक मारताना पुढच्या चाकांची पकड कमी वाटते, आणि रात्री समोरून येणारा प्रत्येक जण शिव्या घालतो, कारण तुमचा लाइट सरळ त्याच्या डोळ्यांत. अशा गाडीला पुढून पाऊण ते एक इंच भरपूर झालं. बागायतदारांना हे पटत नाही, कारण गाडी लग्नाच्या मांडवापुढे उभी असते तेव्हा रिकामीच असते!

आता मोजमाप. जमिनीपासून फेंडरपर्यंतचं माप कामाचं नाही. टायर झिजला, हवा कमी झाली, टायरचा साइझ बदलला की ते बदलतं. चाकाच्या बरोबर मध्यापासून, म्हणजे हबच्या केंद्रापासून, सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. चारही चाकांचं, मिलिमीटरमध्ये, आणि वहीत लिहून ठेवा. मोबाइलमध्ये लिहिलेलं कधी सापडत नाही.

मोजायला सपाट जागा मिळणं हीच खरी कटकट आहे. पेट्रोल पंपाच्या फरशीला उतार असतो, सोसायटीच्या पार्किंगला पाणी जायला उतार असतो, आपल्या सिमेंट रोडलाही दोन्ही कडांना उतार दिलेला असतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण डावी-उजवीत फरक दाखवायला तेवढं पुरतं. गवंड्याकडे लेव्हल काढायची पारदर्शक नळी असते, ती अर्धा तास मागून आणा. नळीत पाणी भरा, आतले बुडबुडे निघून जाऊ द्या, एक टोक एका चाकाजवळ आणि दुसरं दुसऱ्या चाकाजवळ धरा, पाण्याची रेघ जमिनीपासून किती उंच आहे ते दोन्हीकडे पाहा. फरक आला तर खालच्या चाकाखाली तेवढ्या जाडीचे प्लायचे तुकडे टाका. लेझर लेव्हल असेल तर उत्तमच, पण नळी खोटं बोलत नाही आणि तिला सेलही लागत नाहीत.

गाडी जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजू नका. जॅकवर चाकं लटकतात तेव्हा ती आतल्या बाजूला ओढली जातात. खाली टेकली की टायर जमिनीला धरून ठेवतो आणि गाडी खऱ्या उंचीपेक्षा वरच अडकून राहते. दहा-पंधरा फूट पुढे-मागे चालवा, पुढच्या बंपरवर भार देऊन दोन-चार वेळा दाबा, मग टेप लावा. "काल दोन इंच होती, आज दीडच राहिली" ही अर्धी प्रकरणं इथेच निकालात निघतात. ती काल दोन इंच नव्हतीच.

आकडे हातात आले की ते वाचता येतात. दोन्ही बाजू सारख्याच खाली आल्या असतील तर एक तर स्प्रिंग थकली आहे, नाहीतर पुढे वजन वाढलंय. फक्त एकच बाजू खाली असेल तर त्या बाजूची स्प्रिंग तिच्या बैठकीत नीट बसली आहे का ते पाहा. कॉइलचं मोकळं टोक वरच्या आणि खालच्या कपातल्या खोबणीत टेकायला हवं. ते थोडं फिरून खोबणीच्या बाहेर गेलं की काही मिलिमीटरचा फरक सहज पडतो आणि आवाजही येतो. काही गाड्यांना कंपनीतूनच डाव्या-उजव्या स्प्रिंगा वेगळ्या येतात, कारण ड्रायव्हर, बॅटरी, टाकी यांचं वजन दोन्हीकडे सारखं नसतं. गॅरेजात दोन्ही एकाच कोपऱ्यात टाकून ठेवल्या आणि अदलाबदल करून बसवल्या तर गाडी तिरपी उभी राहणारच. स्प्रिंगवरची रंगाची खूण किंवा नंबर खोलायच्या आधीच टिपून ठेवा.

कधीकधी पुढची उजवी बाजू खाली असते आणि दोष मागचा असतो. मागचा उजवा पाटा बसला की चेसिस तिरपी होऊन पुढच्या उजव्या चाकावर ओझं टाकते. तपासायला सोपं आहे. मागच्या एक्सलच्या बरोबर मध्यावर, डिफरन्शियलच्या गोळ्याखाली जॅक लावा आणि मागची चाकं जमिनीपासून थोडी सुटतील एवढीच गाडी उचला. पुढची चाकं जमिनीवर, हँडब्रेकवर भरवसा न ठेवता दोन्हीकडून ठोकळे लावलेली. आता पुढची दोन्ही मापं घ्या. ती सारखी आली तर पुढच्या सस्पेन्शनला हात लावू नका, पाटेवाल्याकडे जा. तशीच तिरपी राहिली तर दोष पुढचा. ही तपासणी फुकट आहे आणि गॅरेजात क्वचितच कोणी करतं.

वजनाबद्दल थोडक्यात. पुढे स्टीलचा जाड बंपर आणि विंच लावलं की स्प्रिंग बसणारच, तिचा काय दोष! बुलबार असेल तर तो आधी काढा. डिसेंबर २०१७ पासून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुलबार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलेलं आहे, आणि एअरबॅगच्या सेन्सरलाही तो आडवा येतो. काढल्यावर पुन्हा मोजा. कित्येकांची अर्धी समस्या तिथेच सुटते.

स्पेसर कुठे असतो आणि तो काय बिघडवतो

एक प्रकार शॉकअपच्या डोक्यावर, चेसिसच्या कपाखाली बसतो. दुसरा स्प्रिंगच्या वर किंवा खाली, कॉइलला आणखी दाबून बसतो. दोघांचे आजार वेगळे, आणि दुकानदार दोघांनाही 'लिफ्ट किट'च म्हणतो.

डोक्यावरच्या स्पेसरबद्दल पहिला गोंधळ जाडीचा. शॉकअपचा खालचा बोल्ट आर्मच्या टोकाला नसतो, आर्मच्या मधल्या भागात असतो. त्यामुळे तिथे एक इंच ढकललं की चाकाशी पावणेदोन ते दोन इंच फरक पडतो. म्हणजे दोन इंच उचलायची तर स्पेसर सुमारे एक इंचाचा हवा. लेथवाल्याला "दोन इंचाचे करून दे" सांगून आणलेले स्पेसर गाडीला साडेतीन-चार इंच उचलू पाहतात. मग वरचा आर्म कॉइलला घासतो, बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) शेवटपर्यंत वाकतो आणि फोर बाय फोर असेल तर सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा) कोन पाहवत नाही. लेथवर करून घेतलेला नायलॉनचा स्पेसर तर मी कोणाच्याच गाडीत राहू देणार नाही. तिथे सगळं वजन आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका येतो.

दुसरं, डोक्यावरचा स्पेसर स्प्रिंगला ताकद देत नाही, फक्त उंची देतो. स्प्रिंग आधीच थकलेली असेल तर ती थकतच जाणार. थकव्यामुळे खाली आलेली गाडी स्पेसरने उचलली तर काही महिन्यांत ती पुन्हा खाली येणार, आणि तुम्हाला वाटणार की स्पेसर दबला. लोखंडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर दबत नाही. इथे नवी स्प्रिंगच लागते, पुढच्या खऱ्या वजनाला साजेशी. नवी स्प्रिंगही सुरुवातीला थोडी बसते, ते स्वाभाविक आहे. म्हणून शेवटचं माप आणि अलाइनमेंट महिनाभर गाडी चालवून मग करा.

कॉइल दाबणाऱ्या स्पेसरने गाडी उंच होते, पण शॉकअप आधीच बराच लांबलेला असतो. स्पीडब्रेकर उतरताना चाक खाली सुटलं की शॉकअपची लांबी संपते आणि आतून 'ठक्क' ऐकू येतं. तो आवाज लिंकचा नाही, बुशचा नाही. लिंक बदलून तो जाणार कसा? काही जण तर दोन्ही प्रकारचे स्पेसर एकावर एक चढवतात. त्यांच्या गाडीला शॉकअप असूनही नसल्यासारखा.

खोलाखोल स्वतः करणार असाल तर एक गोष्ट थट्टेवारी नेऊ नका. शॉकअपच्या डोक्यावर कडेचे नट असतात आणि मध्ये एक मोठा नट असतो. कडेचे नट सोडून पूर्ण जोड बाहेर निघतो. मधला नट दाबलेली स्प्रिंग धरून असतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय त्याला पाना लावायचा नाही. आणि गाडी नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवून खाली शिरायचं नाही, चेसिसखाली स्टँड हवेतच.

स्पेसरचे नट ढिले होण्याचं अजून एक कारण असतं, ते म्हणजे रंग. पावडर कोटिंगचा जाड थर स्पेसर आणि चेसिसच्या मधे चिरडला जातो, तेवढी फट पडते आणि नट घट्ट असूनही पकड जाते. बसवण्याआधी टेकणाऱ्या दोन्ही पृष्ठभागांवरचा जाड रंग पॉलिश पेपरने उतरवा, गंज धरू नये म्हणून प्रायमरचा पातळ हात मारा. शे-दोनशे किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासा.

आवाज कुठून येतो

इथे नागपूरचे रस्ते कामाला येतात. उड्डाणपुलावरचे जॉइंट ठरावीक अंतरावर असतात, बारीक आणि तीक्ष्ण. कामठी रोडच्या डबल डेकरवर किंवा सदरच्या पुलावर साध्या वेगाने चालवा, काच खाली, एसी आणि गाणी बंद. प्रत्येक जॉइंटवर 'टक-टक' येत असेल तर स्टॅबिलायझरची लिंक, तिचा रबर किंवा शॉकअपच्या डोक्यावरचे नट, यांपैकी काहीतरी. पुलावर शांत, पण वस्तीतल्या उंच स्पीडब्रेकरवरून चाक खाली सुटतानाच एकदा 'ठक्क' होत असेल तर शॉकअपची लांबी संपतेय किंवा वरचा आर्म कशाला तरी आपटतोय. पार्किंगमध्ये सावकाश वळवताना 'कर्र' येत असेल तर बुश किंवा कोरडा बॉल जॉइंट. स्टिअरिंग पूर्ण कापून गाडी हलवताना 'कट-कट-कट' आलं तर फोर बाय फोरवाल्यांनी सीव्ही जॉइंट पाहावा. फोर बाय टूला पुढे तो नसतोच, तिथे कोणी सीव्हीचं बिल लावलं तर गॅरेज बदला.

लिंकवर संशय असेल तर ती हातानं हलवून काही कळत नाही, ताणाखाली असते. दोन्ही बाजूंच्या लिंक सोडा, बारला तारेनं वर बांधा आणि गल्लीतल्या गल्लीत हळू चालवा. आवाज गेला तर लिंक किंवा बारचे रबर. आवाज तसाच राहिला तर लिंकचे पैसे वाचले. अशा अवस्थेत हायवेवर जायचं नाही, गाडी वळणावर भलतीच झुकते.

आर्म कॉइलला लागतो का आणि शॉकअप आतून तळाला जातो का, हे पाहायला घट्ट मळलेली कणीक लागते. घरून विचारून घ्या. एक छोटा गोळा पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कॉइलच्या वरच्या आर्मकडच्या बाजूला चिकटवा, दुसरा चेसिसवरच्या रबरी बंप स्टॉपवर (आर्म पूर्ण वर आला की त्याला अडवणाऱ्या ठोकळ्यावर). उंच स्पीडब्रेकर आणि एखादा ओळखीचा खड्डा, दोन्हीवरून एक फेरी मारून या. कॉइलवरचा गोळा चपटा झाला तर आर्म लागतोय. तिथे नीट पाहिलं तर रंग उडून कॉइल चकाकतानाही दिसेल. उपाय म्हणजे स्पेसर कमी जाडीचा किंवा वेगळ्या आकाराचा वरचा आर्म. बंप स्टॉपवरचा गोळा चपटा झाला असेल तर ते ठीक आहे, तो त्यासाठीच आहे. पण खड्ड्यात दाणकन हादरा बसला आणि गोळा जसाच्या तसा राहिला, तर चाक बंप स्टॉपला टेकण्याआधी शॉकअपच आतून तळाला आपटतोय. डोक्यावरच्या जाड स्पेसरचा हा नेहमीचा दुष्परिणाम. असा शॉकअप लवकर गळायला लागतो, आणि मग 'लोकल निघाला' म्हणून नावं त्या शॉकअपला.

बॉल जॉइंट पाहताना जॅक चेसिसखाली लावू नका, खालच्या आर्मखाली बॉल जॉइंटच्या जवळ लावा. स्प्रिंगचा भार त्या जॉइंटवर असेपर्यंत ढिलेपणा लपून राहतो. चाक जरा सुटलं की टायरखाली टॉमी घालून वर उचकून पाहा.

बुश पुन्हा पुन्हा का फाटतो

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. खालच्या आणि वरच्या आर्मचे रबरी बुश बेअरिंगसारखे फिरत नाहीत. बोल्ट आवळला की आतली लोखंडी नळी चेसिसला घट्ट धरली जाते, बाहेरची आर्मला, आणि मधला रबर फक्त पिळला जातो. आर्म वर-खाली होतो तेवढाच पीळ पडतो आणि सुटतो. आता गॅरेजात काय होतं ते पाहा. गाडी जॅकवर, चाक लटकलेलं, आर्म पूर्ण खाली. मिस्त्री एअरगन लावतो, दर्रर्र करून बोल्ट आवळतो आणि गाडी खाली सोडतो. गाडी टेकल्या क्षणी आर्म कितीतरी वर येतो आणि नव्याकोऱ्या बुशला उभ्या उभ्या पीळ बसतो. पिळून दोरीवर टाकलेल्या धुण्यासारखा तो रबर दिवसरात्र तसाच. त्यात रोजच्या खड्ड्यांचा पीळ वेगळा. काही महिन्यांत रबर चिरतो, नळीपासून सुटतो, आवाज सुरू. पुन्हा नवा बुश, पुन्हा तीच एअरगन.

वर हा पिळलेला बुश गाडीला थोडी वर धरूनही ठेवतो. रबर फाटला की ते धरणं सुटतं आणि गाडी तेवढी खाली येते. 'पुन्हा बसली' आणि 'पुन्हा आवाज आला' या दोन्ही तक्रारी एकदमच का येतात त्याचं एक कारण हेच.

बरोबर पद्धत अशी. आर्मचे बोल्ट लटकत्या चाकावर फक्त हातानं टेकवून ठेवायचे. गाडी चारही चाकांवर उतरवायची, पुढे-मागे चालवायची, बंपर दाबायचा, म्हणजे ती आपल्या खऱ्या उंचीवर येईल. मग खालून, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, टॉर्क पान्याने गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर बोल्ट आवळायचे. यासाठी खड्डा किंवा वर चालवत नेता येईल असा रॅम्प लागतो. सगळ्यात सोयीची जागा म्हणजे अलाइनमेंटचा रॅम्प, तिथे गाडी चाकांवरच उभी असते. गॅरेजातून बोल्ट फक्त टेकवून अलाइनमेंटवाल्याकडे हळू न्यायची ही कल्पना मात्र अजिबात नको. गॅरेजात नेहमीसारखे आवळून घ्या, रॅम्पवर गेल्यावर एकेक बोल्ट ढिला करून, गाडी दाबून, पुन्हा आवळा. ज्यांच्या खालच्या आर्मला एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवून चाकाचा कोन बदलता येतो असे) आहेत त्यांचे ते बोल्ट अलाइनमेंटच्या वेळी ढिले होतातच, तेव्हा दोन्ही कामं एकत्र होतात. उंची बदलली की हे प्रत्येक वेळी करायचं, नवा बुश टाकला असो वा नसो. स्पेसर टाकताना बोल्ट कोणी ढिलेच केले नाहीत तर जुन्या उंचीवर बसलेला बुश नव्या उंचीवर पिळलेलाच राहतो.

मिस्त्री कुरकुर करतो, कारण यात अर्धा तास जास्त जातो. त्या अर्ध्या तासाचे पैसे वेगळे द्या. वाद घालण्यापेक्षा स्वस्त पडतं.

बुशचा दुसरा शत्रू वॉशिंग सेंटर. गाडी धुऊन झाली की खालून डिझेल किंवा जळकं ऑइल फवारायची आपल्याकडे फार हौस. चेसिस काळी कुळकुळीत दिसते, गिऱ्हाईक खूश. साध्या रबराला मात्र तेल चालत नाही. तो फुगतो, मऊ पडतो आणि लोखंडापासून सुटतो. "खालून काही मारू नको" हे गाडी आत घेण्याआधीच सांगा. उमरेड-भिवापूरकडच्या काळ्या मातीत जाणाऱ्यांनी उलट पाण्यात कंजुषी करू नये. ती माती आर्मच्या खोबणीत आणि सीव्हीच्या रबरी बुटाभोवती भरते, दोन उन्हात दगड होते आणि बुटाला किसत बसते. बूट फाटला, ग्रीस बाहेर, माती आत, जॉइंट संपला.

अलाइनमेंट

उंची बदलली की टो (वरून पाहिलं तर चाकं आत-बाहेर वळलेली), कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाकाचा कल), कॅस्टर (बाजूने पाहिलं तर चाक वळतं त्या अक्षाचा कल) तिन्ही हलतात. बऱ्याच ठिकाणी फक्त टो लावून "झालं भाऊ" म्हणतात. टो चुकला तर टायर करवतीसारखा झिजतो, तो दिसतो तरी. कॅस्टर कमी झाला तर टायर ठीक राहतो, पण वळणावरून स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि समृद्धी महामार्गावर वेगात गाडी तरंगल्यासारखी वाटते. आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागा. तिन्ही आकडे कंपनीच्या मर्यादेत यायला हवेत. एक्सेंट्रिक बोल्ट शेवटपर्यंत फिरवूनही कॅस्टर येत नसेल तर गाडी त्या आर्मसाठी जास्त उचलली गेली आहे. उंची कमी करा किंवा वरचे आर्म बदला, तिसरा मार्ग नाही.

पुढे पाटे असतील तर

मालवाहू पिकअपला स्पेसर वगैरेचा प्रश्न नाही. वाडीला ट्रकवाल्यांच्या भरवशावर पाट्यांची कामं भरपूर चालतात. तिथे पान वाढवून किंवा पाटा ठोकून कमान देऊन गाडी उचलतात. नुसती कमान ठोकून दिलेला जुना पाटा थोड्या दिवसांत पुन्हा सरळ होतो, त्यापेक्षा पान बदललेलं बरं. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला धरणारी कडी) लावून उचलायला कोणी सांगितलं तर ती मागच्या टोकाला लागतेय की पुढच्या ते पाहा. पुढच्या पाट्याचं मागचं टोक शॅकलने खाली ढकललं की एक्सल कलतो आणि कॅस्टर कमी होतो. मग पाट्याखाली पाचर घालून तो परत आणावा लागतो. यू-बोल्ट (पाटा एक्सलला आवळणारे) नवे घ्या, जुने ताणलेले असतात, आणि माल भरून एक-दोन खेपा झाल्या की पुन्हा आवळा. ढिल्या यू-बोल्टने मधला सेंटर बोल्ट तुटतो आणि एक्सल सरकतो. टॉर्शन बारच्या (कॉइलऐवजी पिळली जाणारी लोखंडी सळी असलेल्या) गाडीला उंचीचा बोल्टच असतो, पण तो फिरवत राहिलात तर वर सांगितलेली 'ठक्क' तिथेही येते.

कागदपत्रांचं पण ऐकून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी एमएच ३१ असो, ४० असो की ४९, मोठी लिफ्ट केली की अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्या नजरेतून ती सुटत नाही. थकलेल्या स्प्रिंगच्या जागी कंपनीच्याच नव्या स्प्रिंगा टाकून मूळ उंची परत आणण्यात यातली कुठलीच भानगड नाही, आणि 'बसलेल्या' निम्म्या गाड्यांना खरं तर तेवढंच हवं असतं.

शेवटी लाइट. संध्याकाळी सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा. डॅशबोर्डवरचं लेव्हलिंगचं चाक शून्यावर, ड्रायव्हरच्या जागेवर माणूस बसलेला. लो बीमची कट रेघ भिंतीवर कुठे पडते ते खडूने आखा आणि जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यापर्यंतच्या उंचीशी ताडा. रेघ त्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटीमीटर खाली हवी. वर गेली असेल तर हेडलाइटच्या मागचा स्क्रू फिरवून खाली आणा. मग हौद्यात नेहमीचा माल टाकून डॅशबोर्डवरचं चाक कितीवर ठेवलं की रेघ त्याच खुणेवर येते ते पाहा, आणि तो आकडा मापांच्या त्याच वहीत लिहून ठेवा.